नहर, हापसा आणि दातांवरचे डाग



'उपयोजित संशोधन' हा शब्द कानाला जड लागतो. तो ऐकला की काचेच्या नळ्या, पांढरे अंगरखे आणि इंग्रजी नियतकालिके डोळ्यांपुढे येतात, आणि हे काम आपले नव्हे, अशी सर्वसामान्य माणसाची समजूत होते. या समजुतीला आपल्या विद्यालयांच्या मांडणीनेही हातभार लावला आहे. आपल्या शहरात १९५६ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले, १९५८ साली विद्यापीठ आले, १९६० साली अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले, पुढे दंत महाविद्यालयही झाले. प्रत्येकाची इमारत निराळी, फाटक निराळे आणि फाटकावरची पाटीही निराळी. शिकविण्याच्या सोयीसाठी हे आवश्यकच आहे. परंतु माणसाच्या अडचणी काही या पाट्या वाचून उद्भवत नाहीत. एखाद्या खेड्यातील मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, त्याचे मूळ खडकात असते, उपाय नळात असतो आणि तो उपाय टिकेल की नाही हे ग्रामपंचायतीच्या जमाखर्चाच्या वहीत ठरते. असा प्रश्न कोणत्या फाटकातून आत न्यावयाचा?

म्हणून आज मी एकच पदार्थ हाती घेणार आहे, आणि तो म्हणजे पाणी. मराठवाड्याच्या माणसाला पाण्याविषयी उत्सुकता उत्पन्न करून द्यावी लागत नाही. या पाण्याच्या निमित्ताने स्थापत्य, वैद्यक, दंतवैद्यक आणि पैशाचा हिशेब हे चार विषय आपल्या भागात एकमेकांना कसे भेटत गेले, ते तीन-चार ठिकाणी थांबून पाहू. आपल्या शहरापासून निघू, जालन्यास जाऊ आणि तेथून नलगोंड्यापर्यंत पोहोचू. १९४८ पर्यंत ही तिन्ही ठिकाणे एकाच निजामी राज्यात होती, तेव्हा हा काही फार लांबचा प्रवास नव्हे.

मलिक अंबर हबसाणात सुमारे १५४८ साली जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, अनेक हातांतून फिरत दक्षिणेत आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. १६१० च्या सुमारास त्याने खडकी येथे राजधानी वसविली. गावाचे नावच खडकी! जागा लष्करी दृष्टीने चांगली, देवगिरीचा किल्ला जवळ, डोंगरांची पाठ. पण पाणी कोठून आणावयाचे? खाम नदी ही पावसाळ्यातली पाहुणी. विहिरी खोदाव्यात तर काळा पाषाण. हजारो माणसे, घोडे, हत्ती आणि बाजारपेठ यांना पुरेल एवढे पाणी गावात नव्हते. ते उत्तरेच्या डोंगरांत, हर्सूलच्या वरच्या अंगाला, जमिनीच्या पोटात होते.

नहर-ए-अंबरी म्हणजे पाण्याचा पाट अशी अनेकांची कल्पना असते. ती बरोबर नाही. पाट उघडा वाहतो, नहर जमिनीखालून जाते. डोंगराच्या पायथ्याशी मुरमात व फुटलेल्या खडकात पावसाचे पाणी झिरपून साठते. तेथे भूमिगत भुयार खोदावयाचे, त्यात दोन्ही अंगांनी पाणी पाझरू द्यावयाचे, आणि अगदी हलका उतार देऊन ते पाणी दगड-चुन्याच्या बांधीव नळीने गावापर्यंत आणावयाचे. उतार थोडा अधिक झाला तर पाणी बांधकाम पोखरते. कमी झाला तर गाळ बसतो. मधूनमधून वर उघडणारी तोंडे ठेवावयाची, म्हणजे माणूस आत उतरून गाळ काढू शकतो. गावात शिरल्यावर पाणी खापरी नळांतून खेळवावयाचे, आणि ठिकठिकाणी मनोरे उभारून त्यांत पाणी स्वतःच्या दाबाने वर चढू द्यावयाचे, म्हणजे नळात कोंडलेली हवा निघून जाते, दाब आवरला जातो आणि तेथून फाटे काढता येतात. या सगळ्यात बैल नाही, मोट नाही, रहाट नाही. पाणी आपल्या पायांनी चालत येते.

ही विद्या मूळची इराणची. आपल्याकडे ती पंधराव्या शतकात बहामनी राजवटीत बिदरला आली होती. परंतु विद्या आली एवढ्याने काम होत नाही. इराणचा डोंगरपायथा गाळमातीचा आणि वाळूचा, आपला काळ्या पाषाणाचा. कोठे पाझर आहे, कोठे कोरडा खडक आहे, हे पुस्तकात लिहिलेले नव्हते. ते या डोंगरात हिंडून, खोदून आणि फसूनच ठरवावे लागले असणार. दरबारातील शहाण्यांनी या बेताची थट्टा केली, असे जुनी कथा सांगते. कथा खरी असो वा नसो, प्रत्येक दरबारात असे शहाणे असतातच.

येथे एक मौज सांगितल्यावाचून राहवत नाही. अंबराचा मोठा शत्रू म्हणजे मोगलांचा सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान. याच खानखानानाच्या अमदानीत बऱ्हाणपुरास १६१५ साली तशीच भूमिगत पाण्याची योजना झाली. तिची कुंडी आजही पाहावयास मिळते. म्हणजे रणांगणावर एकमेकांचे गळे कापणारी दोन्ही घरे एकाच काळात एकच प्रश्न एकाच रीतीने सोडवीत होती. पुढच्याच वर्षी, १६१६ मध्ये, जालन्याजवळ रोशनगावी खानखानानाचा मुलगा शाहनवाजखान याने अंबराचा पराभव केला आणि मोगल फौजेने खडकी उद्ध्वस्त केली. १६२१ साली पुन्हा तोच प्रसंग आला. दोन्ही वेळा शहर पुन्हा वसले. घरे जाळता येतात, जमिनीखालचा उतार जाळता येत नाही, हे त्याचे एक कारण असावे असे मला वाटते.

अंबराची नहर सर्वांना ठाऊक असते. त्याची जमाबंदी मात्र इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकली जाते. माझ्या दृष्टीने ती नहरीइतकीच महत्त्वाची आहे. तोवर सरकारी सारा वसूल करण्याचे काम मक्त्याने दिले जाई. जो अधिक रक्कम कबूल करील त्याला परगणा द्यावयाचा, मग त्याने रयतेस कसेही पिळावे. अंबराने हा मक्ता बंद केला. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात त्याची रीत नोंदविली आहे. प्रथम प्रत्यक्ष पिकाचा माफक हिस्सा धान्याच्याच रूपाने घ्यावयाचा, आणि काही हंगामांचा अनुभव जमा झाल्यावर त्याचे रोख रकमेत रूपांतर करावयाचे, तेही दरसालच्या लागवडीकडे पाहून. यातील 'काही हंगामांचा अनुभव' या शब्दांकडे लक्ष द्यावे. दर आधी ठरवून मग जमिनीवर लादला नाही. जमिनीला काही वर्षे बोलू दिले आणि मग दर ठरविला. आजच्या भाषेत याला आपण क्षेत्रीय प्रयोग म्हणू. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी हीच पद्धत पुढे चालविली, असे इतिहासकार मानतात.

याच शहरात पुढे, औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार असताना, १६५३ नंतरच्या वर्षांत मुर्शिद कुलीखान या खुरासानी दिवाणाने हे काम आणखी बारकाईने केले. त्याने सगळीकडे एकच साचा लावला नाही. जेथे शेती मागासलेली तेथे नांगरामागे ठोक रक्कम. जेथे जमेल तेथे मोजणी. आणि बाकी ठिकाणी बटाई. बटाईचे दर पाहण्यासारखे आहेत. पावसावर आलेल्या पिकात सरकारचा वाटा निम्मा. विहिरीच्या पाण्यावर आलेल्या धान्यात तिसरा. आणि ऊस, फळे यांसारख्या खर्चाच्या पिकांत त्याहूनही कमी, कित्येकदा नववा हिस्सा. विहिरीचे पीक अधिक चांगले येते, मग वाटा कमी का? कारण पाणी वर आणण्याचा खर्च शेतकरी करतो: मोट, बैल, नाडा, दिवसभराची मेहनत. मुर्शिद कुलीखानाने पाण्याच्या उपशाची किंमत हिशेबात धरली. मोजणीत लबाडी होऊ नये म्हणून तो कधी कधी मोजणीची दोरी स्वतःच्या हातात धरी, असे सांगतात. अर्थशास्त्राचा एवढा सरळ धडा मी फार थोड्या ग्रंथांत वाचला आहे.

आता पुन्हा नहरीकडे येऊ. नहर बांधून झाली की संपली असे नसते. दरसाल गाळ काढावा लागतो, झाडांची मुळे तोडावी लागतात, फुटलेला खापरी नळ बदलावा लागतो. हा खर्च कोणी करावयाचा? पाणचक्कीपाशी याचे उत्तर दगडात लिहिलेले आहे. तेथे डोंगरातील झऱ्याचे पाणी सुमारे सहा किलोमीटरवरून येते, मनोऱ्यात चढते, हौदात कोसळते आणि जाते जाते दगडी जाते फिरविते. बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी व फकिरांसाठी त्यावर दळण होई. म्हणजे त्या नहरीला कोणी तरी धनी होता, आणि पाणी बंद पडले तर त्या धन्याच्या घरची भाकरी बंद पडत होती. गावातील इतर नहरींना असा धनी राहिला नाही. १७६३ च्या सुमारास राजधानी हैद्राबादेस गेली, वस्ती रोडावली. पुढे नळाचे पाणी आले आणि पायाखालच्या नहरीची आठवण बुजली. कोठे तिच्यावर घरे झाली, कोठे पाया खणताना ती फुटली. पाणचक्कीचे पाणी मात्र टिकले. आज आपण पैठणच्या नाथसागराचे पाणी विजेच्या पंपांनी चढवून आणतो, आणि ज्या उताराला काही द्यावे लागत नव्हते तो उतार वापराविना पडून आहे. नहरीने आजच्या लाखो वस्तीची तहान भागेल, असा भाबडा दावा मी करणार नाही. पण जे पाणी येत होते ते गेले, ते कोणत्याही शास्त्राच्या अपुरेपणामुळे गेले नाही, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

नहर शहरापुरती होती. खेड्याला काय होते? आड होता, नदीतला झरा होता आणि बारव होती. बारवेचे बांधकाम पाहून आपण हरखून जातो, आणि ते योग्यच आहे. पण वैद्याने तिच्याकडे पाहिले तर त्याचे कपाळ आठ्यांनी भरते. त्या पायऱ्यांनी माणूस पाण्यापर्यंत उतरतो आणि पाय बुडवितो. तेथेच नारू राहत असे.

साठी ओलांडलेल्या अनेकांनी नारूचा रोगी पाहिलेला असेल. पाय सुजतो, जळजळतो, फोड फुटतो आणि पांढरा दोऱ्यासारखा किडा बाहेर डोकावतो. मग काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढावयाचा. ओढताना तुटला तर पाय पिकतो. पेरणीच्या वा खुरपणीच्या ऐन दिवसांत कर्ता माणूस महिनाभर खाटेवर पडावयाचा. रोगाचे चक्र फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञाने १८७० च्या सुमारास उलगडले. जळजळ शमविण्यासाठी रोगी पाण्यात पाय बुडवितो. किडा त्या पाण्यात आपली पिले सोडतो. डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाण्यातील सूक्ष्म जीव ती गिळतात. ते पाणी दुसरा माणूस पितो. आणि सुमारे वर्षाने त्याच्या पायातून नवा किडा निघतो. ही गोष्ट कळली, तरी पुढची शंभर वर्षे नारू आपल्या खेड्यांत सुखाने नांदला. त्याच्यावर औषध नव्हते, लसही नव्हती, आजही नाही. भारतातील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला, तो दुपदरी फडक्याने गाळलेल्या पाण्याच्या, घरोघर हिंडणाऱ्या आरोग्यसेवकांच्या, बुजविलेल्या वा बदललेल्या पायविहिरींच्या आणि हापशाच्या बळावर. वैद्यकाचा एवढा मोठा विजय, आणि त्यातील एक शस्त्र लोहाराच्या भात्यातले!

हा हापसा आपल्या शेजारी, जालन्यात कसा घडला, ते सांगण्यासारखे आहे. जालना त्या वेळी आपल्याच जिल्ह्यात होते. निराळा जिल्हा झाला तो १९८१ साली. १९६० नंतरच्या दशकात कठीण पाषाणात हवेच्या दाबाने छिद्र पाडणारी यंत्रे आली. ज्या खडकात विहीर खणावयास दोन-तीन उन्हाळे जात, तेथे एक-दोन दिवसांत अरुंद, खोल बोअर तयार होऊ लागली. जालन्यातील स्कॉटलंडच्या चर्चच्या मिशननेही हे काम हाती घेतले होते. बोअर झाली, पाणी लागले. आता ते वर कसे काढावयाचे? बाजारात बिडाचे ओतीव पंप मिळत. त्यांचे मूळ युरोप-अमेरिकेतील. तेथील शेतकऱ्याच्या अंगणात एक कुटुंब दिवसातून थोडा वेळ दांडा हलवी, आणि त्या मानाने ते पंप उत्तम होते. आपल्या खेड्यात तोच पंप पहाटे चारला सुरू होई आणि रात्री उशिरा थांबे. पाचशे माणसांचे हंडे त्यावर भरावयाचे. शिवाय पाणी खोल, म्हणून प्रत्येक हापशाला ओढ जास्त. आणि बायका निघून गेल्या की पोरे दांड्याला लोंबकळणार. बीड तडकून जाई, सांधे झिजून जात. १९७४ च्या सुमारास झालेल्या पाहणीत चार पंपांमागे सुमारे तीन बंद आढळले. यातील खेदाची गोष्ट अशी की, छिद्र पाडण्याचा महागडा खर्च झालेला असे. गाव तहानलेले राही ते वरच्या दांड्यापायी.

जालन्यात मिशनच्या माणसांनी काही मोठा सिद्धांत शोधला नाही. मोडलेले पंप समोर ठेवून ते कोठे मोडतात हे पाहिले. दांड्याला अनेक सांधे, आणि प्रत्येक सांधा झिजतो; मग सांधा एकच ठेवावा. बीड तडकते, मग पोलाद जोडून घडवावे. हा 'जालना पंप'. त्यात सोलापूरच्या कारखान्यात सुधारणा झाली. दांड्याच्या टोकाला अर्धवर्तुळाकार तुकडा आणि त्यावरून साखळी घेतल्याने आतली सळई सरळ उभी हलू लागली, वाकडी घासेना. तोच 'सोलापूर पंप'. या दोघांच्या पायावर युनिसेफ, रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी आणि यंत्रशास्त्राची एक संशोधन संस्था यांनी मिळून १९७७ च्या आसपास 'इंडिया मार्क दोन' सिद्ध केला. तो गावोगाव गेला आणि देशाबाहेर, आफ्रिकेतही, लाखांच्या संख्येने बसविला गेला. आपण जगाला काय दिले याच्या याद्या आपण उत्साहाने करतो. त्या याद्यांत शून्य असते, योग असतो, हापसा नसतो. तो असावयास हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही मार्क दोनलाही जुना रोग होताच. खालचे चामड्याचे वायसर झिजले की तिकाटणे उभारून सगळा नळ वर काढावा लागे. ते गावच्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे काम. तालुक्याहून मिस्त्री यावयाचा, तो येईपर्यंत बायका पुन्हा जुन्या विहिरीवर. म्हणून मार्क तीनमध्ये नळ रुंद केला. नळ जागेवर ठेवून आतला दट्ट्या तेवढा वर ओढता येऊ लागला. ही सुधारणा यंत्रातली खरी, पण तिचे कारण दुरुस्तीच्या खर्चात आणि वाटेकडे लागलेल्या डोळ्यांत होते.

बोअर आणि हापसा यांनी खेडे नारूपासून वाचविले, पटकीपासून पुष्कळसे वाचविले, १९७२ च्या दुष्काळातून कसेबसे तारले. पण खोल पाणी म्हणजे शुद्ध पाणी, हा समज पुरता खरा नव्हता. येथे दंतवैद्य आपल्या कथेत प्रवेश करतो, आणि तो फार दुरून येतो.

अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाच्या तरुण दंतवैद्याने दवाखाना घातला. तेथेच वाढलेल्या माणसांच्या दातांवर तपकिरी डाग त्याला दिसले. बाहेरून मोठेपणी आलेल्यांना ते नव्हते. बहुतेक वैद्यांनी 'या गावचे दात असेच' म्हणून सोडून दिले असते. मॅकेने तीस वर्षे पाठपुरावा केला. डाग लहानपणी, दात हिरडीत घडत असतानाच पडतात हे त्याने दाखविले, पाण्यावर संशय घेतला, आणि डागाळलेले दात किडत कमी, ही विलक्षण गोष्टही नोंदवून ठेवली. पाण्यात नेमके काय, ते त्याला सापडेना. ते १९३१ साली सापडले, तेही चर्चिल या ॲल्युमिनियम कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञाला. कारण आपल्या भांड्यांमुळे डाग पडतात असा लोकप्रवाद उठेल, ही त्याच्या कंपनीची धास्ती होती. फ्लोराईड! पुढे डीन याने मोजमाप केले: लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅमपर्यंत ते दातांना उपकारक, त्यावर गेले की डाग, आणि पुष्कळ वर गेले की हाडांवर घाला. दंतवैद्याची चिकाटी, कारखान्याचा स्वार्थ आणि सरकारी डॉक्टरची मोजपट्टी यांनी मिळून हे ज्ञान झाले. मला या तिघांत मॅके अधिक प्रिय आहे. त्याने तीस वर्षे एकच डाग पाहिला.

आपल्याकडे मद्रास इलाख्यातील विकृत हाडांची माहिती १९३७ साली प्रसिद्ध झाली, आणि त्याच सुमारास निजामी राज्यातील नलगोंड्याचेही नाव या रोगाशी जोडले गेले. तेथील खडक ग्रॅनाईटचा, आणि त्यातून फ्लोराईड पाण्यात उतरते. आपला काळा पाषाण या बाबतीत बराच सौम्य, हे आपले नशीब. पण नांदेडच्या पूर्व कडेला, यवतमाळ आणि चंद्रपूरकडे खडक बदलतो, आणि तेथील काही गावांत मुलांच्या दातांवर तेच डाग दिसतात. दात हे केवळ पहिले पत्रक. तेच पाणी पुढे वीस-तीस वर्षे पोटात गेले तर पाठ ताठ होते, मान वळत नाही, गुडघे वाकडे होतात. म्हणजे डोंगरातून वाहणारे उथळ पाणी सोडून आपण खोल गेलो, नारूला चुकविले आणि दुसऱ्या शत्रूच्या दारात उभे राहिलो. यात कोणी मूर्खपणा केला असे नाही. ज्याला पटकीने आजच मरण येणार, त्याने तीस वर्षांनंतरच्या पाठीचा विचार करावा, हे म्हणणे सोपे, वागणे अवघड.

यावर उपाय नागपुरात निघाला. १९५८ साली स्थापन झालेल्या व १९७४ पासून 'नीरी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतील संशोधकांनी महागडी यंत्रे बाजूला ठेवली आणि तुरटी, चुना व थोडी विरंजक पूड एवढ्यावर काम भागविले. योग्य प्रमाणात घालून ढवळावे, तासभर निवळू द्यावे. तुरटीचा साका फ्लोराईड घेऊन तळाशी बसतो. बादलीभर पाण्यालाही चालते, गावच्या टाकीलाही चालते. या रीतीला 'नलगोंडा पद्धत' हे नाव पडले. तुरटी आपल्या घरोघरी असतेच. गढूळ पाण्यात ती फिरवावयास आजीला कोणी शिकविले नव्हते.

रसायनाच्या दृष्टीने पद्धत निर्दोष होती. गावात मात्र ती रोज व्हावयास हवी होती. प्रत्येक विहिरीच्या पाण्याला तुरटीचे प्रमाण निराळे, आणि ऋतूप्रमाणे ते बदलते. प्रमाण चुकले की एक तर फ्लोराईड उरते, नाही तर पाण्याला तुरट चव येते आणि लोक ते पीत नाहीत. तळाचा साका कोठे टाकावयाचा, हाही प्रश्न. तुरटीचे पैसे पंचायतीने द्यावयाचे की पाणीपुरवठा खात्याने, आणि टाकीपाशी रोज उभा राहणाऱ्या माणसाचा पगार कोणाच्या खात्यावर? नहरीला जो धनी लागला होता, तोच येथेही लागत होता. पुष्कळ ठिकाणी टाक्या बांधल्या गेल्या आणि कोरड्या पडल्या. अखेर नलगोंड्याच्या गावांना कृष्णेचे पाणी नळाने पुरविण्याचा मार्ग धरावा लागला; म्हणजे खोल पाण्याकडून पुन्हा वाहत्या पाण्याकडे, आणि नळाच्या मोठ्या खर्चाकडे.

येथे एक सूचना करून ठेवतो. आपल्या शहरात १९८० पासून जल व भूमी व्यवस्थापन संस्था आहे. वैद्यकीय, दंत आणि अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. हिशेब शिकविणारी महाविद्यालये तर पुष्कळच. या सर्वांनी मिळून मराठवाड्यातील एखाद्या सीमेवरच्या तालुक्याचे पाणी, तेथील पाचवीतल्या मुलांचे दात, बंद पडलेले हापसे आणि पंचायतींच्या वह्या एकाच वेळी तपासल्या, तर त्याला परदेशी यंत्र लागणार नाही. आरसा, काडी, पाण्याची बाटली आणि जमाखर्चाचे पुस्तक एवढे पुरेल. अडचण एकच आहे: असा अहवाल कोणत्या विभागाने छापावयाचा, हे ठरविण्यात दोन वर्षे जातील.

जाता जाता एक गोष्ट. नलगोंडा पद्धत देशाबाहेर ज्या ठिकाणी नेली गेली त्यांत इथिओपियाचे खचदरीचे खोरे येते. तेथील ज्वालामुखी खडकातील पाण्यात फ्लोराईड फार. इथिओपिया म्हणजे जुने हबसाण, अंबराची जन्मभूमी. त्या मुलखातून आलेल्या माणसाने आपल्याला डोंगरातले पाणी आणून दिले, आणि साडेतीनशेहून अधिक वर्षांनी नागपूरची तुरटी-चुन्याची कृती तिकडे गेली. तेथील गावांतही कृती लोकांना समजली, टाक्या बसल्या. आणि मग तुरटी वेळेवर कोणी पोहोचवावयाची, रोज कोणी ढवळावयाचे आणि तळाचा साका कोणी उपसावयाचा, यावर बैठका भरू लागल्या.